'मॅड मेन'मधले दागिने: पडद्यावर बघून ओळखायचे कसे, जमवायचे कसे

जाहिरात कंपनीचं ऑफिस सांभाळणाऱ्या जोन हॉलोवेच्या गळ्यात लांब साखळीला एक सोनेरी पेन लटकत असतं. 'मॅड मेन' बघितलेल्या कुणालाही मालिकेतला एक दागिना आठवायला सांगा, बहुधा तेच पहिलं येईल. मग नायक डॉन ड्रेपरची पहिली बायको बेटी हिचे मोती, आणि दुसरी बायको मेगन आल्यानंतर आकाराने वाढत गेलेली कानातली. मालिका आवडली की यातलं काहीतरी आपल्याकडे असावं असं वाटायला लागतं आणि आपण 'मॅड मेन नेकलेस' असं टाइप करून मोकळे होतो. समोर येतात ते बहुतांशी नवे बनलेले दागिने, नाहीतर 'मॅड मेन स्टाइल' असं लेबल चिकटवलेला, मालिकेशी काडीचा संबंध नसलेला माल. खरा जुना माल बाजारात भरपूर आहे आणि तो फार महागही नाही. फक्त तो या नावाने सापडत नाही.

ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: एएमसी वाहिनीवर जुलै २००७ ते मे २०१५ या काळात सात पर्वं झाली. न्यूयॉर्कच्या मॅडिसन अव्हेन्यूवरची एक जाहिरात कंपनी आणि कथेचा काळ १९६० ते १९७०. वेशभूषा प्रामुख्याने जेनी ब्रायंट यांची. यातल्या बायकांच्या अंगावर दिसतं त्यातलं बरंचसं अमेरिकेत ज्याला कॉस्च्युम ज्वेलरी म्हणतात त्या जातीचं: सोन्याचा मुलामा दिलेलं पितळ किंवा पांढरा ओतीव धातू, काचेचे खडे, काचेचे किंवा प्लास्टिकचे मोती. तिथे त्या काळी हे कमी प्रतीचं मानलं जात नव्हतं. १९५३ साली आयझेनहॉवर राष्ट्राध्यक्ष झाले तेव्हा त्यांच्या पत्नी मेमी यांनी समारंभाच्या रात्री ट्रिफारी कंपनीचे खोटे मोती मुद्दाम घडवून घातले होते.

सुरुवात: नक्की काय हवंय ते ठरवा

तीन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रत्यक्ष चित्रीकरणात वापरलेला नग. त्याच साच्यातून निघालेला दुसरा नग. आणि त्याच काळातला, त्याच धाटणीचा नग. नवखी माणसं या तिन्हींची गल्लत करतात आणि विक्रेते त्या गल्लतीचेच पैसे घेतात. माझा सल्ला साधा आहे. सुरुवात तिसऱ्यापासून करा, डोळा दुसऱ्यावर ठेवा, आणि पहिल्यासाठी कागदपत्रांशिवाय एक डॉलरही जास्त मोजू नका.

दुसरी गोष्ट अशक्य नाही, कारण हे दागिने कारखान्यात बनत होते. ऱ्होड आयलंडमधलं प्रॉव्हिडन्स शहर या धंद्याची राजधानी होतं. कोरो कंपनीचा अवाढव्य कारखाना तिथेच होता. एकेका नमुन्याचे ढिगाने नग निघायचे आणि देशभरच्या डिपार्टमेंट स्टोअरमध्ये जायचे. त्यातले बरेच आजही कुणाच्या तरी आजीच्या डब्यात पडून आहेत.

पहिली पायरी: दृश्य थांबवा आणि मोजा

पात्र बोलत असताना थांबवलं की चित्र हललेलं येतं. त्यापेक्षा समोरचं माणूस बोलतंय आणि कॅमेरा ऐकणाऱ्यावर आहे, असा क्षण शोधा. एकच दागिना चार-पाच कोनांतून टिपा. शक्य असेल तर ब्ल्यू-रे डिस्क वापरा, इंटरनेटवरून येणाऱ्या दबलेल्या चित्रात खड्यांच्या कडा विरघळून जातात. खडे फारच चमकत असतील तर पडद्याचा उजेड कमी करा. पांढरे वाटलेले खडे मग कधीकधी फिकट निळे निघतात. धातूचा रंग एकाच दृश्यावरून ठरवू नका, कारण बारच्या पिवळ्या उजेडात चंदेरीही सोनेरी दिसतं. ऑफिसातलं आणि घरातलं अशी दोन दृश्यं ताडून पाहा.

आता आकार. डोळ्यातलं रंगीत वर्तुळ मोठ्या माणसांत साधारण १२ मिलिमीटर रुंद असतं आणि माणसागणिक त्यात फारसा फरक पडत नाही. त्यामुळे समोरून घेतलेल्या जवळच्या चित्रात कानातलं त्या वर्तुळाच्या किती पट आहे ते मोजलं की मिलिमीटरमध्ये बऱ्यापैकी अंदाज येतो. दीडपट म्हणजे १८ मिलिमीटरच्या आसपास. छातीवरच्या ब्रोचलाही हीच युक्ती चालते, फक्त चेहरा आणि ब्रोच कॅमेऱ्यापासून सारख्याच अंतरावर हवेत.

प्रसिद्धीसाठी दिलेले फोटो कधीकधी आरशासारखे उलटे छापले जातात. फांदीच्या आकाराचा ब्रोच मग डावीकडे झुकलेला दिसतो आणि आपण आठवडाभर चुकीच्या दिशेची फांदी शोधत बसतो. ब्लाउजच्या गुंड्या बघा. बायकांच्या पाश्चात्त्य कपड्यांत गुंड्या घालणारीच्या डाव्या बाजूला असतात. त्या घालणारीच्या उजव्या बाजूला दिसल्या तर फोटो उलटा आहे असं समजा.

वहीत काय लिहायचं? विशेषणं नकोत, आकडे हवेत. 'सुंदर फुलाचा ब्रोच' या वर्णनाचा उपयोग शून्य. 'पाच पाकळ्या, पाकळ्यांवर रेघा, मध्ये एक मोती, देठ घालणारीच्या डाव्या हाताकडे वळलेला, दोन पानं, एकावरच खडे, उंची अंदाजे ५५ मिलिमीटर' हे वर्णन कामाचं. सोबत पर्व, भाग, मिनिट. मोत्यांच्या माळा असतील तर पदर किती, मणी सगळे सारखे की मध्ये मोठे होत गेलेले, आणि मागून केस उचललेले असतील तर फासा कसा आहे, तेही लिहून ठेवा.

दुसरी पायरी: दृश्याचं साल आणि दागिन्याचं साल वेगळं ठेवा

नवख्यांच्या हातून सगळ्यात जास्त चुका इथे होतात. दृश्य १९६२ सालातलं आहे म्हणून दागिना १९६२ चा, असं नसतं. माणसं दहा वर्षांपूर्वीचे दागिने घालतात, त्यामुळे तो १९५० च्या आसपासचा असू शकतो. उलट, चित्रीकरण २००७ नंतरचं आहे, म्हणजे तोवर बनलेलं काहीही त्या अभिनेत्रीच्या कानात असू शकतं. वेशभूषाकाराला कॅमेऱ्यापुढे बरोबर दिसणारी वस्तू हवी असते, तिचा जन्मदाखला नको असतो. म्हणून दृश्य तुम्हाला फक्त आकार देतं. साल दागिन्याकडूनच काढून घ्यावं लागतं, आणि ते त्याच्या पाठीवर असतं.

तिसरी पायरी: शोधताना मालिकेचं नाव गाळा

ज्यांच्याकडे खरा माल आहे त्यातल्या बऱ्याच जणांनी मालिका पाहिलेली नसते. घर रिकामं करताना सापडलेला डबा ते विकायला काढतात आणि जमेल तसं वर्णन लिहितात. म्हणून शोधताना आकार, संख्या, सामान आणि दशक एवढंच टाका. 'ब्रोच' आणि 'पिन' दोन्ही शब्दांनी शोधा. कानातल्यांसाठी 'क्लिप ऑन' (चापाची) आणि 'स्क्रू बॅक' (फिरकीची). सोनेरीला 'गोल्ड टोन', काचेच्या खड्यांना 'ऱ्हाइनस्टोन', पूर्ण संचाला 'पॅरूर', अर्ध्याला 'डेमी पॅरूर'. मागे कंपनीचा शिक्का असलेल्याला 'साइन्ड', नसलेल्याला 'अनसाइन्ड' म्हणतात. कंपन्यांच्या नावांची स्पेलिंगं मुद्दाम चुकवूनही शोधा, चुकीच्या नावाखाली पडलेला माल दुसऱ्यांच्या नजरेतून सुटलेला असतो. चित्रावरून शोधायचं असेल तर चेहरा, केस, कॉलर सगळं कापून फक्त दागिना ठेवा. नाहीतर उत्तरादाखल त्या अभिनेत्रीचेच फोटो येत राहतात.

आणखी एक जागा फार कमी लोक वापरतात: अमेरिकी पेटंटांचा संग्रह. गूगल पेटंट्सवर तो फुकट बघता येतो. १९५५ पूर्वी कंपन्या नमुन्याची चोरी रोखायला डिझाइन पेटंट घ्यायच्या आणि त्यासोबत दागिन्याचं रेखाचित्र जोडायच्या. ट्रिफारीच्या पेटंटांवर आल्फ्रेड फिलिप यांचं नाव असतं, कोरोच्या कित्येकांवर अडॉल्फ काट्झ यांचं. नाव टाकून एकेक चित्र बघत गेलं की आपला ब्रोच रेखाचित्राच्या रूपात, तारखेसकट समोर येऊ शकतो. वेळखाऊ काम आहे, पण सापडला तर वादच संपतो.

१९५५ हे साल लक्षात ठेवा. त्या वर्षी ट्रिफारीने शारेल नावाच्या कंपनीविरुद्धचा खटला जिंकला. असे दागिनेही कलाकृती आहेत, त्यांना कॉपीराइट लागू होतो, असं न्यूयॉर्कच्या न्यायालयाने मान्य केलं. त्यानंतर पेटंटाची दगदग मागे पडली आणि दागिन्यांच्या पाठीवर कंपनीच्या नावाशेजारी वर्तुळातलं सी हे चिन्ह येऊ लागलं. ते दिसलं तर नग १९५५ किंवा त्यानंतरचा, असा अंदाज सहसा बरोबर येतो. 'पॅट. पेंड.' (म्हणजे पेटंटसाठी अर्ज केलेला आहे) दिसलं तर बहुधा त्याआधीचा, मात्र कानातल्यांच्या चापांसारख्या यांत्रिक भागांवर पेटंटाची खूण नंतरही असते.

चौथी पायरी: दागिना उलटा करा

मागच्या बाजूचा स्पष्ट फोटो नसेल तर तो विक्रेत्याकडे मागा. तो देत नसेल तर तो नग विसरून जा, दुसरा येईल. प्रत्यक्ष हातात घेताना दहापट मोठं दाखवणारं भिंग जवळ असू द्या.

समजा १९५० च्या दशकाच्या शेवटाकडचा ट्रिफारीचा पानाच्या आकाराचा सोनेरी ब्रोच हातात आहे. उलटा केल्यावर पहिली गोष्ट जाणवते ती ही की पाठ ओबडधोबड नाही. पुढचीइतकीच गुळगुळीत आहे, मुलामा सगळीकडे सारखा आहे. नाव एका छोट्या पट्टीवर, टी अक्षरावर बारीक मुकुट, शेजारी कॉपीराइटचं चिन्ह. भिंगाखाली अक्षरांच्या कडा धारदार दिसतात. टाचणीची बिजागरी घट्ट, आणि टोक अडकतं तिथे फिरणारी छोटी कडी, म्हणजे टाचणी आपोआप सुटत नाही. खडे असतील तर प्रत्येक आपापल्या घरात नीट बसलेला, गोंद बाहेर आलेला नाही.

आता नकली नग. जुन्या ब्रोचवरून साचा काढून पुन्हा ओतलेला. पाठीवर बारीक खळगे, शिक्क्याची अक्षरं साबण झिजल्यासारखी बोथट, खड्यांभोवती सुकलेल्या गोंदाची तळी. शिवाय ओतलेला धातू थंड होताना आकसतो, त्यामुळे अशी नक्कल मुळापेक्षा किंचित लहान भरते. खात्रीच्या नगाची मापं कुठे नोंदलेली सापडली तर मिलिमीटरचा फरकही बोलका असतो.

गळ्यातल्याचं साल काढायचं तर फासा बघा. १९५० आणि ६० च्या दशकांतल्या अमेरिकी माळांना बहुधा एका बाजूला आकडा आणि दुसऱ्या बाजूला कड्यांची शेपटी असते, शेपटीच्या टोकाला एखादा मणी. आकडा हव्या त्या कडीत अडकवून लांबी कमी-जास्त करायची. आज सगळीकडे दिसणारी, दाबून उघडणारी लॉबस्टर कडी त्या काळातली नाही. ती दिसली तर एक तर माळ अलीकडची आहे किंवा फासा बदललेला आहे. बदललेला असेल तर किंमत उतरायला हवी.

दोन-तीन पदरांच्या मण्यांच्या माळा मालिकेत पुष्कळ दिसतात. या प्रकारच्या जुन्या माळांच्या आकड्यावर किंवा त्याजवळच्या चकतीवर देशाचं नाव सापडतं: जपान, वेस्ट जर्मनी, हाँगकाँग. पश्चिम जर्मनी हा देश १९४९ ते १९९० एवढाच काळ होता, तेव्हा हा शिक्का काळाची चौकट आखून देतो. 'ऑक्युपाइड जपान' असेल तर नग १९५२ किंवा त्याआधीचा. या माळांना शिक्क्याच्या कंपन्यांसारखा भाव नाही, आणि नवख्या माणसाला याहून चांगली सुरुवात मला माहीत नाही.

कानातली जवळजवळ सगळी चापाची किंवा फिरकीची, म्हणजे भोक नसलेल्या कानासाठी. अमेरिकेत कान टोचायची फॅशन साठच्या दशकाच्या उत्तरार्धात जोरात परतली, त्याआधीच्या मध्यमवर्गीय बायकांच्या कानांना बहुधा भोकं नसत. फिरकी जुनी, चाप १९३० च्या दशकापासूनचा, आणि पन्नास-साठच्या दशकांत दोन्ही सोबत चालू होते. तुमचे कान टोचलेले असतील तर चापावर चढवायचे जोडभाग मिळतात, ते वापरा. मूळ चाप कापून डाक लावून तार बसवली की दागिना संग्रहातून बाद झाला असं समजा.

खड्यांचं सांगायचं तर त्या काळच्या काचेच्या खड्यांना मागून बेगड असते, तिच्यावरून उजेड परततो म्हणून ते चमकतात. बेगड गेली की खडा काळा किंवा पिवळट पडतो, त्याला बाजारात 'डेड स्टोन' म्हणतात. एखाददुसरा बदलता येतो, पण दहा मेलेले असतील तर मोहात पडू नका. इंद्रधनुषी झाक असलेले 'ऑरोरा बोरिआलिस' खडे स्वारोव्स्कीने ख्रिश्चन डिओरसोबत १९५० च्या दशकाच्या मध्यावर आणले. विक्रेता त्या खड्यांचा नग १९४० चा म्हणून विकत असेल तर हसून पुढे जा.

मोत्यांची भोकं तपासा. खोट्या मोत्याचा वरचा थर भोकाच्या कडेला सोलतो आणि आतली काच किंवा प्लास्टिक दिसतं. काचेचे मोती हाताला गार आणि जड लागतात, प्लास्टिकचे कोमट आणि हलके. थोडी सोललेली कड चालते, गळ्यात दिसत नाही. पण मोत्यांच्या अंगावर पोपडे सुटले असतील तर तो आजार वाढतच जातो.

पाचवी पायरी: थोडी नावं पाठ करा

सगळ्या कंपन्या शिकायला जाऊ नका, या पाच-सहा पुरतात.

ट्रिफारी सर्वांत वर. आल्फ्रेड फिलिप १९३० ते १९६८ तिथे प्रमुख डिझायनर होते. त्याआधी त्यांनी खऱ्या हिऱ्यामोत्यांच्या घडणीचं काम केलं होतं आणि ते जाणवतं. दुसऱ्या महायुद्धात धातूंवर निर्बंध आले तेव्हा कंपनीने चांदी वापरली, म्हणून 'स्टर्लिंग' शिक्क्याचे त्या काळातले नग महाग असतात. 'मॅड मेन'साठी त्यांची गरज नाही, पन्नास-साठच्या दशकांतले सोनेरी ट्रिफारी पुरेसे आहेत.

मोनेट आणि नेपियर म्हणजे खडे कमी, धातू जास्त. जोनच्या धाटणीचं, ऑफिसात शोभेल असं हवं असेल तर इथे बघा. मोनेटची सुरुवात १९२९ साली पर्सवर लावायच्या आद्याक्षरांपासून झाली, दागिने १९३७ पासून. यांचा मुलामा आश्चर्यकारक टिकतो. नेपियर कनेक्टिकटमधल्या मेरिडनची.

कोरोचा माल अफाट आहे आणि दर्जा खालपासून वरपर्यंत. सरसकट चांगला किंवा वाईट म्हणता येत नाही, प्रत्येक नग वेगळा तपासावा लागतो. कोरोक्राफ्ट आणि व्हँडोम या त्यांच्याच वरच्या श्रेणी.

सॅरा कव्हेन्ट्री ही १९४९ साली सुरू झालेली, दुकानात न विकता घरोघरच्या बैठकांमधून विकणारी कंपनी. उपनगरातल्या बेटीच्या शेजारणींकडे असायचं ते हे. आज हा माल मुबलक आणि स्वस्त आहे, म्हणून जाणकार त्याकडे नाक मुरडतात. मला ते पटत नाही. भिंग, फासे, चाप, खडे बघायचा सराव करायला याहून चांगलं सामान नाही.

वाइसच्या बाबतीत मात्र जपून. हे दागिने सुंदर आहेत, पण वाइसचा शिक्का मारलेल्या नव्या नकला बाजारात फार आहेत. मिरियम हॅस्केलचे मोत्यांचे संच बघून जीव टांगणीला लागतो, तरी पहिल्या वर्षी हात लावू नका. चाळीसच्या दशकाअखेरपर्यंत त्यांच्या बहुतेक दागिन्यांवर शिक्काच नव्हता, त्यामुळे 'अनसाइन्ड हॅस्केल' म्हणून काहीही खपवलं जातं. 'ज्युलियाना' म्हणून ओळखला जाणारा, डेलिझा अँड एल्स्टर कंपनीचा मालही बिनशिक्क्याचा. तो बांधणीवरून ओळखायचा असतो, म्हणजे नजर तयार झाल्यावर.

बिनशिक्क्याचा चांगला दागिना संशयास्पद शिक्क्याच्या दागिन्यापेक्षा केव्हाही बरा.

सहावी पायरी: विकत घ्या, पण भाव आधी बघा

ईबे या ऑनलाइन विक्रीच्या साइटवर मागितलेल्या किमतीकडे लक्ष देऊ नका. 'सोल्ड' हा पर्याय लावून गेल्या काही आठवड्यांत तसाच नग प्रत्यक्षात कितीला गेला ते बघा. दोन्हींत बरीच तफावत दिसते. एट्सी या दुसऱ्या साइटवर फोटो चांगले आणि किंमत चढी.

अमेरिकेत राहत असाल किंवा तिकडे जाणं होत असेल तर घरातलं सामान विकणाऱ्या इस्टेट सेलना जा. शेवटच्या दिवशी पुष्कळ ठिकाणी किमती निम्म्यावर येतात, मात्र चांगले दागिने पहिल्या सकाळीच गेलेले असतात. मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रिमफील्डचा जुन्या वस्तूंचा बाजार वर्षातून तीनदा भरतो, मे, जुलै आणि सप्टेंबरमध्ये. कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेनाच्या रोझ बोल स्टेडियमवरचा महिन्याच्या दुसऱ्या रविवारी. गुडविलसारख्या वापरलेलं सामान विकणाऱ्या दुकानांत दागिन्यांच्या बंद पिशव्या मिळतात. त्या घेण्यात मजा आहे, पण बहुतेक भाग कचरा निघतो हे धरूनच घ्या.

संच म्हणून विकत असतील तर हार आणि कानातली खरंच एकाच घरची आहेत का ते तपासा. खड्यांची छटा, मुलाम्याचा रंग, शिक्क्याची ठेवण जुळायला हवी. दोन वेगळ्या नगांचं लग्न लावून संचाचा भाव घेणं ही नेहमीची युक्ती आहे.

सातवी पायरी: 'मालिकेत वापरलेला' म्हटलं की

नाव जोडलं गेलं की खोट्या दागिन्याचं काय होतं, याचं उदाहरण १९९६ चं. न्यूयॉर्कच्या सदबीजमध्ये जॅकलिन केनेडी यांच्या वस्तूंचा लिलाव झाला. त्यात तीन पदरांची खोट्या मोत्यांची माळ होती. अंदाज ५०० ते ७०० डॉलरचा होता, ती गेली २,११,५०० डॉलरला. मोती खोटेच होते. पैसे मोजले गेले ते त्या गळ्याचे आणि त्या गळ्यातल्या फोटोंचे.

म्हणूनच असा दावा करायचा मोह विक्रेत्याला होतो. मालिकांमधले बरेच दागिने वेशभूषेच्या भाड्याच्या गोदामांतून येतात आणि चित्रीकरण संपलं की तिथेच परत जातात. हॉलिवूडमध्ये यूजीन जोसेफ यांनी तीसच्या दशकातच हा धंदा उभा केला होता: स्टुडिओला दागिने विकायचे नाहीत, भाड्याने द्यायचे. दिव्यांचा झोत परतू नये म्हणून त्यांनी सोनेरी मुलामाही मंद, अर्धवट निस्तेज ठेवला. 'मॅड मेन' संपल्यावर डॉन ड्रेपरचा करडा सूट आणि हॅट स्मिथसोनियनच्या अमेरिकी इतिहासाच्या संग्रहालयात गेले. एकंदरीत, एखाद्या अनोळखी माणसाकडे जोनचा ब्रोच निघण्याची शक्यता फारच कमी.

तरीही कुणी दावा केलाच, तर दोन गोष्टी मागा. एक, निर्मिती संस्थेपासून किंवा लिलावापासून आजच्या विक्रेत्यापर्यंतचा लेखी माग, प्रत्येक हाताच्या नावासह. निव्वळ 'सर्टिफिकेट ऑफ ऑथेंटिसिटी' म्हणून छापलेला कागद कुणीही छापू शकतं. दोन, पडद्याशी जुळणी. कारखान्यातल्या एकसारख्या नगांतही वापराने खुणा पडतात: एक खडा किंचित तिरका, एक पाकळी वाकलेली, मुलामा एका टोकाला उडालेला. रंगीबेरंगी मणी हाताने ओवलेले असतील तर त्यांचा क्रमच ओळख पटवतो. अशी किमान दोन वैशिष्ट्यं थांबवलेल्या दृश्यात आणि हातातल्या नगात एकाच जागी दिसायला हवीत. नुसता आकार जुळला, तर तो फक्त त्याच साच्यातला दुसरा नग आहे. त्याची किंमत त्या नगाइतकीच द्या.

आठवी पायरी: घरी आणल्यावर

पाण्यात बुडवू नका. पाणी खड्यामागे गेलं की बेगड मरते, म्हणून दागिने धुवायची यंत्रंही नकोत. कोरड्या मऊ ब्रशने धूळ काढा, मग अगदी किंचित ओलसर कापडाने पुसून लगेच कोरडं करा. खड्यांवर काही थेट फवारू नका. मोत्यांना फक्त कापड.

सांध्यांत हिरवा कळंक दिसला तर तो नग आधी बाकीच्यांपासून वेगळा ठेवा. लाकडी टूथपिकने वरवरचा खरवडा, मग कापसाच्या काडीला जरासं व्हिनेगर लावून फक्त त्या जागी फिरवा, ओल्या काडीने पुसा, पूर्ण वाळवा. मोती, बेगडाचे खडे, रंगवलेला भाग यांना व्हिनेगर लागता कामा नये. कळंक मुलाम्याच्या खाली गेलेला असेल तर वरून साफ करून उपयोग नाही, असा नग घेऊच नये. जुन्या ओतीव धातूत शिसं असू शकतं, तेव्हा लहान मुलांच्या हातात खेळायला देऊ नका आणि हाताळल्यावर हात धुवा.

प्रत्येक नग वेगळ्या कापडी किंवा बंद पिशवीत ठेवा, एकमेकांवर घासले की मुलामा जातो. मण्यांच्या माळा टांगू नका, दोरा ताणून तुटतो, आडव्या ठेवा. अत्तर आणि केसांचा फवारा आधी, दागिना शेवटी.

पिशवीत एक चिठ्ठी टाका: कधी, कुठून, कितीला घेतला, मापं, पाठीवरचा शिक्का जसाच्या तसा, काय बदललं किंवा दुरुस्त केलं, आणि मालिकेतल्या कुठल्या पर्वाच्या कुठल्या भागातल्या कितव्या मिनिटाशी तुम्ही तो ताडून पाहिलात. जुळणी कच्ची असेल तर 'त्याच धाटणीचा' असंच लिहा, म्हणजे पुढे तो तुमच्याकडून घेणारा माणूस तुमच्या शब्दावर विसंबून चुकीचा भाव देणार नाही.